बाटलीवरचं नाव

गुरुवारी सकाळी सहा वाजता धनाजी बागलच्या शेडमधल्या नाक्याने लाल दिवा लावला. शेडमध्ये साडेसहा हजार पक्षी होते, अठरा दिवसांचे. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळे नीट खात होते. आता पूर्वेच्या जाळीलगत चाळीसेक मरून पडले होते, आणि जे उभे होते त्यांतल्या बऱ्याच जणांनी पिसं फुगवून माना आत ओढल्या होत्या.

नाक्या हे पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे. कंपनीचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. छताला टांगलेला पोळपाटाएवढा चपटा डबा, एवढंच त्याचं रूप. खाली अंथरलेल्या तुसातून वर येणारा वायू तो दिवसरात्र हुंगायचा. कोंबडीच्या आतड्यात कोणते जिवाणू नांदतात यावर तिच्या विष्ठेचा वास ठरतो. माणसाच्या नाकाला तो सगळा एकच उग्र दर्प. नाक्याला त्यात शेकडो वास सुटे ओळखता यायचे. त्यांवरून तो शंभरपैकी एक आकडा काढायचा. साठच्या वर असला तर आतडी ठणठणीत, हिरवा दिवा; चाळिसाच्या खाली गेला तर लाल दिवा. खानापूर घाटमाथ्यावरचे पोल्ट्रीवाले आता एकमेकांना भेटले की पाऊसपाण्याआधी अंक विचारत.

धनाजीचा अंक छत्तीस होता. आठवड्यापूर्वी तो ब्याऐंशी होता आणि ही गोष्ट त्याने चहाच्या टपरीवर, न विचारता, दोनदा सांगितली होती.

दिवा बघितल्यावर त्याने डॉक्टरांना फोन केला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, खुर्ची ओढली आणि नाक्याला खालून गुंडाळून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता. आकडा कंपनीकडे केव्हाच पोचला होता, आणि हे त्यालाही माहीत होतं. मेलेले पक्षी उचलायला पाटी घेऊन आलेली वैशाली दारातच थांबली. तिने टॉवेलकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"सारिकाकडं फोन करू का?" तिने विचारलं.

"त्यांचं नाव काढू नको."

सारिका ही वैशालीची धाकटी बहीण आणि सुहास निकम तिचा नवरा. म्हणजे धनाजीचा साडू. दोन गावांमध्ये एक टेकडी होती, तेवढंच अंतर. धनाजीला या धंद्यात पंधरा वर्षं झाली होती. सुहास मात्र पाच वर्षांपूर्वीपर्यंत विट्यात मोबाइल दुरुस्त करायचा. शेड बांधायचं ठरवलं तेव्हा तो पहिल्यांदा धनाजीकडेच आला. शेडचं तोंड कुठं ठेवायचं, पडदे किती वर घ्यायचे, पिल्लं ऊब मागतायत की वारा मागतायत हे त्यांच्या गोळा होण्यावरून कसं ओळखायचं, हे सगळं धनाजीने त्याला हात धरून शिकवलं. पहिली पिल्लं उतरायची होती त्या दिवशी वैशालीने आपल्या शेडमधलं एक पोतं जुनं तूस बहिणीला पाठवलं. नव्या तुसावर जुन्याचा पातळ थर भुरभुरायचा, ही तिकडच्या जुन्या पोल्ट्रीवाल्यांची सवय. का, ते कुणाला सांगता येत नसे. पिल्लं लवकर मार्गी लागतात, एवढंच म्हणत.

ते का, हे नाक्या आल्यावर कळलं.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं आतडं म्हणजे तापवून निवत ठेवलेलं दूध. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यात जे पडेल ते लागतं. कोंबडीच्या पंखाखाली उबलेलं पिल्लू आईच्या विष्ठेत चोच मारतं आणि तिच्या पोटातले चांगले जिवाणू घेतं. हॅचरीतल्या पिल्लाला आई नसते. ते यंत्रात निघतं, धुतलेल्या ट्रेमधून टेंपोत चढतं आणि शेडमध्ये येतं तेव्हा त्याचं आतडं कोरं असतं.

नेमक्या त्याच दिवसांत त्याला लस द्यावी लागते. त्यातली रक्ती हगवणीची लस जरा निराळी. तिच्यात त्या रोगाचाच परजीवी असतो, जिवंत, पण सौम्य केलेला. रंगीत जेलीच्या थेंबांतून पिल्लं तो टिपतात. तो आतड्याच्या अस्तरात शिरतो, थोडी जखम करतो, विष्ठेतून तुसात पडतो आणि तूस टोचताना पुन्हा पोटात जातो. असे दोन-तीन फेरे झाले की शरीर त्याला ओळखून असतं आणि पुढे खरा रोग आला तरी दाद देत नाही. अडचण अशी की हे फेरे चालू असतात तेव्हा अस्तर सोललेलं असतं. सोललेल्या जागी वाईट जिवाणू बसला तर आतडं आतून कुजत जातं. पूर्वी खाद्यात औषधं मिसळून हे निभावून नेलं जायचं. खाद्यातल्या औषधांवर बंदी आली आणि लस दिलेल्या दर शेडचा अंक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपटायला लागला.

एका शेडचा सोडून. सुहासच्या शेडमध्ये लस दिल्यावर अंक ढळतच नव्हता. एक बॅच झाली, दोन झाल्या, सहा झाल्या. मग कंपनीच्या डॉक्टर नसीमा तांबोळी नमुने घेऊन गेल्या. त्यांना त्या तुसात जिवाणूंचा एक गोतावळा सापडला, एकमेकांच्या आधाराने राहणारा. हे जिवाणू धान्याचा चोथा आंबवून एक आम्ल तयार करत आणि अस्तराच्या पेशी त्याच आम्लावर पोसल्या जात. जखम व्हायची आणि भरायची, वाईट जिवाणूला बसायला जागाच उरायची नाही. कंपनीने हा गोतावळा वाढवला, वाळवला, बाटलीत भरला. लसीच्या बाटलीबरोबर ही दुसरी बाटली द्यायची, दोन्ही जेलीत कालवायच्या. तांबोळी मॅडम एका मीटिंगमध्ये गमतीने त्याला विरजण म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. मूळ ज्या शेडमध्ये सापडेल त्या शेडचं नाव द्यायचं, असा कंपनीचा नियम होता. म्हणून चार तालुक्यांतल्या प्रत्येक शेडवर, प्रत्येक बॅचला, निळ्या झाकणाची बाटली यायला लागली आणि तिच्यावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत छापलेलं असायचं: निकम विरजण.

धनाजीलाही ती दर बॅचला उघडावी लागायची. तो फळीवर ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे करायचा. जेली कालवताना नावावर अंगठा ठेवायचा. दूध डेअरीत एकाने त्याला विचारलं, की ते विरजणवाले निकम तुमचे साडूच ना? त्याने हो म्हटलं, आणि त्या डेअरीत दूध घालायचं बंद केलं.

त्याच्या पोटात नुसतं साडूचं नाव सलत नव्हतं. त्याचा हिशेब साधा होता. सुहासच्या शेडमध्ये पहिलं तूस आलं कुठून? आपल्याकडून. मग विरजण कुणाचं? ही गोष्ट त्याने तांबोळी मॅडमना पहिल्याच महिन्यात सांगितली होती. त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, की शक्य आहे, पण तुमच्या शेडमध्ये आज ते सापडत नाही. आणि ते खरं होतं. सुहासला पोतं दिल्यानंतरच्या वर्षी कंपनीने स्वच्छ शेडची स्पर्धा ठेवली होती. धनाजीने सगळं तूस काढलं, जमीन गॅसच्या ज्योतीने भाजली, चुना फासला, दोनदा फवारणी केली आणि पहिला नंबर काढला. पितळी ढाल बैठकीच्या खोलीत लावलेली होती. इतक्या वर्षांच्या बॅचेसमधून जे काही त्या जमिनीत मुरलं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने जाळलं होतं. त्या ढालीकडे आता तो बघत नसे.

*

यंदा अधिक महिना आला. आबा आणि आक्का, म्हणजे धनाजीचे सासूसासरे, यांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. शेजारी शेजारी पाट, सारखी ताटं, ताटात पुरणाचे धोंडे, दोघांना मोजून सारखे अनारसे, सारखा टॉवेल, सारखी टोपी. आक्काने डावंउजवं होऊ नये म्हणून तुपाची धारसुद्धा एकाच पळीने, आलटून पालटून वाढली. पण जेवण व्हायच्या आत गल्लीतली चार माणसं सुहासला बघायला येऊन बसली. आबा अभिमानाने सांगत होते, की धाकट्या जावयाचं नाव बाटलीवर छापलंय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, थोरल्यांनाबी ढाल मिळालीया. ते ऐकून धनाजीने हातातला अनारसा ताटात परत ठेवला.

सुहास अवघडून गेला होता. तो बाटलीविषयी बोलणं टाळून धनाजीला शेडचे पंखे, खाद्याची प्रत असलं काहीतरी विचारत राहिला. धनाजी एका शब्दात उत्तरं देत होता. सुहास समजूतदारपणा दाखवतोय, असं त्याला वाटत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

जेवणं झाल्यावर शेजारची एक सून वाटी घेऊन विरजण मागायला आली. आक्काची एक रीत होती. विरजण नेणाऱ्याने ज्या घरचं असेल त्या घराचं नाव घ्यायचं, मगच वाटीत पडायचं. नाव न घेता नेलं तर दही फुटतं. ती सून लाजत म्हणाली, "शिरतोड्यांचं." आबांचं आडनाव शिरतोडे. आक्काने चमचाभर घातलं. सारिका हसून म्हणाली, आमच्या ह्यांनी ही रीत कंपनीला शिकवलेली दिसतीया, ते सगळ्या जिल्ह्याला नाव घ्यायला लावतायत. सगळे हसले. वैशालीही हसली आणि नवऱ्याचं तोंड बघून थांबली.

धनाजी उठून गोठ्याकडे गेला. तिथे कडबाकुट्टीच्या यंत्राच्या एका पायाखाली टेकू म्हणून एक पोतं सरकवलेलं होतं. पोत्यावर लाल रंगात 'बा' काढलेला होता. ते अक्षर त्याचंच. ढालीच्या आधीच्या वर्षी आबांच्या लिंबांना खत म्हणून त्याने दोन पोती तूस पाठवलं होतं. एक लिंबांना गेलं, हे एक इथे कोरडं पडून राहिलं. तो वाकला, शिवणीतून मूठभर तूस काढलं, हातावर चोळलं, वास घेतला. मग ओसरीवर येऊन आक्काला म्हणाला, ते पोतं मी नेऊ का?

"धोंड्याला जावई सोनं मागतात," आक्का म्हणाली. "तुम्ही कोंबडीखत मागताय. न्या बाबा, तेवढं तरी माझ्या ऐपतीत हाय."

पोतं जड होतं. ते गाडीत चढवायला सुहास धावत आला. एक टोक त्याने धरलं. 'बा' त्याच्याच बाजूला होता आणि त्याने तो बघितला, एवढं धनाजीला नक्की कळलं. पण सुहासने विचारलं काहीच नाही; तो फक्त म्हणाला, "सावकाश जा, पावणं."

*

तांबोळी मॅडमनी पोत्यातलं ओंजळभर तूस तपासणीला घेतलं. हे जिवाणू कोरड्यात बीजासारखं कवच करून वर्षानुवर्षं पडून राहू शकतात, त्यामुळे सापडायची शक्यता आहे, असं त्या म्हणाल्या. सापडले आणि निकमांच्या गोतावळ्याशी जुळले, तर नावाचा फेरविचार होईल. मात्र अहवाल येईपर्यंत पोतं बांधून ठेवा, शेडमध्ये नेऊ नका. जे कवच चांगल्या जिवाणूंना असतं ते वाईटांनाही असतं.

धनाजीने मान हलवली. चार दिवसांनी नवी बॅच आली. बिनचालक टेंपो फाटकात थांबला, ट्रे उतरले, ट्रेबरोबर दोन बाटल्या. लसीची बाटली त्याने जेलीत ओतली. निळ्या झाकणाची घेऊन तो शेडमागच्या कडुलिंबापाशी गेला आणि ती बुंध्यात रिकामी केली. मग पोतं सोडलं आणि नव्या तुसावर त्याचा पातळ थर भुरभुरला, अगदी पूर्वी भुरभुरायचा तसा.

वैशालीने ते बघितलं.

"मॅडमनी नको म्हटलं होतं ना?"

"माझंच मला वापरायला परवानगी कशाला लागती?"

"आणि ते सारिकाला दिलं कुणी होतं? मी. दिलेलं विरजण कुणी परत मागतं का?"

तो म्हणाला, की त्याला परत काही नको, फक्त नाव हवंय. ती म्हणाली, की नाव असं तुसात नसतं. यावर दोघंही दोन दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलले. सारिकाशी तिचं बोलणं तर अधिक महिन्यापासूनच कमी झालं होतं. फोन आला की ती अंगणात जाऊन घ्यायची आणि लवकर ठेवायची.

आणि मग अंक चढायला लागला. सत्तर, शहात्तर, ब्याऐंशी. त्या आठवड्यात सुहासच्या शेडचा अंक एकोणऐंशी होता. कंपनीच्या फलकावर सगळ्यांचे अंक दिसायचे, त्यामुळे हे धनाजीला पाठ होतं. पंधरा दिवसांत त्याला पहिल्यांदा शांत झोप लागली. टपरीवर त्याने अंक सांगितला, वर सांगितलं की बाटली न वापरता आलाय. कुणीतरी म्हणालं, मग आता बागल विरजण येणार म्हणा की. त्या एका वाक्यावर त्याने सगळ्यांचा चहा दिला.

ब्याऐंशी हा आकडा खरा होता. पोत्यातलं चांगलं जे काही जागं झालं होतं ते कामाला लागलं होतं. पण लसीतल्या परजीवीचा दुसरा फेरा अजून व्हायचा होता.

*

गुरुवारी दहाच्या सुमारास तांबोळी मॅडम आल्या. पायांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, जंतुनाशकात पाय बुडवले आणि शेडबाहेरच्या ओट्यावर एक ताजा मेलेला पक्षी उघडला. आतडं फुगलेलं होतं. त्यांनी ते लांबीत कापलं आणि धनाजीसमोर धरलं. निरोगी अस्तर मखमलीसारखं असतं. हे जुन्या मळक्या टॉवेलसारखं खरबरीत झालं होतं.

"दुसऱ्या फेऱ्यात अस्तर सोललं आणि तिथं दुसरंच कुणीतरी येऊन बसलं," त्या म्हणाल्या. "विरजणाची बाटली वापरली होती?"

"वापरली की."

मॅडमनी वैशालीकडे बघितलं. वैशाली पाटी खाली ठेवत म्हणाली, "न्हाई वापरली. पोत्यातलं तूस टाकलंय."

धनाजी तिच्याकडे वळला नाही. मॅडमही ओरडल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले आणि दोन वाटा सांगितल्या. एक, औषध द्यायचं. पक्षी बहुतेक वाचतील, पण औषध दिलेला पक्षी कंपनी उचलत नाही आणि एकदा असं झालेल्या शेडला वर्षभर पिल्लं देत नाही. धनाजीकडे दुसरं उत्पन्न नव्हतं, हे सांगायची गरज नव्हती. दुसरी वाट म्हणजे विरजण. बाटलीतलं नाही, ते वाळवलेलं, कोऱ्या आतड्यासाठी. इतक्या मोठ्या पक्ष्यांना ताजं, जिवंत लागतं. ज्या शेडमध्ये हाच गोतावळा चांगला मुरलाय आणि हीच लस दिलीय, तिथली ताजी विष्ठा कोमट पाण्यात कालवून, गाळून, आजच्या आज पाण्यातून द्यायची. यश येईलच असं नाही. पण आलं तर बॅच कंपनीत राहील.

"असं शेड कुठलं?" धनाजीने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या.

दुपारभर तो शेडमध्ये राहिला. आणखी सत्तर पक्षी उचलले. वैशाली पाटीमागून पाटी नेत होती. चार वाजता ती म्हणाली, मी जाऊन आणते. तो नको म्हणाला. पाच वाजता परत म्हणाली. तो आंघोळीला गेला, धुतलेले कपडे घातले, दुधाची मोठी किटली उकळत्या पाण्याने विसळली आणि गाडी काढली.

टेकडीच्या पलीकडे पोचला तेव्हा दिवे लागले होते. सुहासच्या फाटकावर पिवळी पाटी होती, परक्यांना मनाई असल्याची. ती पाटी लावायला त्यानेच शिकवलं होतं. तो फाटकाबाहेर थांबला आणि हाक मारली.

सुहास शेडमधून आला, मागून सारिका. मॅडमचा फोन आधीच येऊन गेलेला होता, कारण सुहासच्या हातात झाकलेली बादली तयार होती. पण सारिकाने ती त्याच्या हातातून घेतली आणि फाटकाच्या आतच उभी राहिली. तिचा चेहरा हसरा नव्हता. थोरली बहीण दीड महिना फोनवर धड बोलली नव्हती, ते तिच्या मनात होतं.

"तिन्हीसांजेला विरजण मागायला आलाय, दाजी," ती म्हणाली. "आक्काची रीत ठाऊक हाय ना? नाव घ्या."

"सारिका, असू दे," सुहास म्हणाला.

"का असू दे? ताईनं तुटक बोलायची रीत धरली, तर आमच्याकडंबी काही रीत असंल की."

धनाजी किटलीचं झाकण काढून उभा होता. पलीकडच्या शेडमधून हजारो पक्ष्यांची निवांत कुजबुज येत होती, पोट भरलेल्या पक्ष्यांची. ती त्याला पंधरा वर्षांपासून ओळखीची होती आणि सकाळपासून त्याने ती ऐकली नव्हती. अंक न बघताही तो सांगू शकला असता, की इथे अंक ऐंशीच्या आसपास आहे.

"निकमांचं," तो म्हणाला.

सारिकाने बादली किटलीत रिती केली. ती रागावून होती, तरी एक थेंब सांडू दिला नाही. सुहास खाली बघत होता. किटलीचं झाकण लागल्यावर तो म्हणाला, "नाव चुकलं, पावणं. तूस तुमच्याकडचंच की. मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझं नाव नका लावू, हे बागलांचं हाय. त्या म्हणल्या नमुना लागतो. म्हणून त्या दिवशी पोतं बघितलं आणि बरं वाटलं मला."

धनाजीने हे ऐकलं. इतके महिने त्याला हेच ऐकायचं होतं, नेमकं याच माणसाच्या तोंडून. आता ते ऐकल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. ज्याचा राग करत रात्री काढल्या त्या माणसाकडे राग करण्यासारखं काही नव्हतं, हे सगळ्यात जड होतं. साडूने चोरी केली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याला स्वच्छ कळलं.

"मला कधी बोलला नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं न्हाई."

धनाजीने किटली पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि गाडी वळवली. आभार मानायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, हे वैशालीने विचारलं तेव्हा त्याला सांगता आलं नाही.

*

त्याच संध्याकाळी पाण्याच्या टाकीत विरजण गेलं. वैशालीने किटली रिकामी करताना, कुणी सांगितलं नसताना, आपल्याशीच नाव घेतलं. कुणाचं घेतलं ते धनाजीला ऐकू आलं नाही.

शुक्रवारी एकशे दहा पक्षी मेले, शनिवारी साठ, रविवारी पुन्हा नव्वद. अंक छत्तीसवरून बत्तीसवर उतरला आणि मग एकोणचाळीसवर आला. लाल दिवा गेला नव्हता. नाक्याचा टॉवेल धनाजीने काढून टाकला होता.

सोमवारी तांबोळी मॅडमचा फोन आला. अहवाल आला होता. पोत्यातल्या तुसात चांगल्या जिवाणूंची बीजं होती, पण पूर्ण गोतावळा नव्हता. काही जिवंत मिळाले, काही मेलेले. निकमांच्या गोतावळ्याशी ते जुळतात की नाही हे ठामपणे सांगता येणार नव्हतं. आणखी तूस मिळालं तर पुन्हा बघता येईल, त्या म्हणाल्या. पोतं आता रिकामं होतं. उरलेलं सगळं शेडमध्ये, उरलेल्या सहा हजार पक्ष्यांच्या पायाखाली, निकमांच्या विरजणात मिसळलेलं होतं. त्यातून कुणाचं कोणतं हे कुठलंच यंत्र वेगळं करणार नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र पक्की होती. आतडी कुजवणारा जिवाणू त्या पोत्यातलाच होता. तो नव्या जातीचा निघाला, आधी कुठेही न नोंदलेला, आणि बऱ्यापैकी घातक. कंपनी पुढच्या खेपेपासून विरजणाच्या बाटलीतच त्याच्याविरुद्धच्या लसीचा अंश घालणार होती. म्हणजे बाटली एकच राहील, आत दोन्ही.

"नियमाप्रमाणे त्यालाही शेडचं नाव पडतं," मॅडम म्हणाल्या. आवाजात त्यांनी काही येऊ दिलं नाही. "लेबलवर निकम विरजण, आणि खाली बागल-एक प्रतिबंधक, असं छापायचं ठरतंय. तुमची हरकत असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवा. नुसता नंबर देता येईल."

धनाजीने कळवतो म्हटलं.

ही गोष्ट त्याने वैशालीला त्याच दिवशी सांगितली, आणि वैशालीने सारिकाला, या वेळी अंगणात न जाता. त्यानंतर सुहासचा दोनदा फोन येऊन गेला. धनाजी शेडमध्ये होता.

महिन्याचा शेवटचा दिवस संपला तेव्हा अंक सेहेचाळीस होता. लाल दिवा विझलेला होता, हिरवा लागलेला नव्हता. कंपनीकडे धनाजी बागलची हरकत पोचलेली नव्हती.